शेवंता असं बोलली नव्हती

निमखुर्द, ता. मोताळा
१९ जानेवारी २०२५

गोपाल,

तुझ्याशी फोनवर बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हे लिहिते. फोनवर तू आधी हसतोस, मग 'ऐक तर खरं' म्हणतोस, आणि थोड्या वेळानं मीच तुझी समजूत घालत असते. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

'कमान' एपिसोड मंगळवारी लागला. मी बाबांसोबत पाहिला. बाबा नेहमीसारखे खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसले होते. आपलं 'ढोमण्यांचं घर' हे कार्टून सुरू झाल्याला अकरा वर्षं झाली, त्यांनी एक भाग चुकवला नसेल. त्यातला निवेदन मास्तर म्हणजे आपण, हे त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. काखेत कागद, डोक्यावर टोपी, काही झालं की 'निवेदन देतो'. पाहुणे आले की बाबा हौसेनं सांगायचे, "मले कार्टूनमंदी काढलं गोपालनं. माहाच विद्यार्थी हाये तो."

तर मंगळवारी मास्तर निवेदन घेऊन आला. गावच्या फाट्यावर बाबासाहेबांच्या नावाची कमान पाहिजे म्हणाला. गाव भडकलं. मग शेवंता ओट्यावरून खाली आली, पदर खोचला आणि माझ्या आवाजात म्हणाली, "मास्तर, नाव दगडावर कोरून कोनी मोठं होते का? मनात ठेवा ना नाव. गाव काऊन फाडता?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरनं मान खाली घातली. तिच्या घरातल्या जगन ढोमणेनं त्याच्या टोपीवर एक विनोद केला. संपला एपिसोड.

तो तिथं संपत नव्हता, हे तुला आणि मला माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये आरोग्य उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये, पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून अंगावर गोधडी घेऊन, घामानं भिजत मी तो प्रसंग पूर्ण रेकॉर्ड करून पाठवला होता. टाळ्यांनंतर मास्तर विचारतो, "वहिनी, फाट्यावर आज कोनाकोनाचे बोर्ड हायेत?" शेवंता इकडे बघते, तिकडे बघते. मग म्हणते, "मी चुकली, मास्तर. आमच्या देवाचं नाव रस्त्यावर, आमच्या पुढाऱ्याचं नाव रस्त्यावर, अन् तुमचंच तेवढं मनात ठेवा म्हनते मी." हे वाक्य तू लिहिलं होतंस. वाचल्यावर मी तुला मुद्दाम फोन केला होता, बऱ्याच दिवसांनी चांगलं लिहिलंस म्हणून.

बाबांनी टीव्ही बंद केला. मला विचारलं, "हे तू बोलली?"

मी म्हटलं, बोलले, पण पुढंही होतं.

"पुढचं कोनाले आयकू आलं?" एवढं विचारून ते उठले.

आपल्या गावात हाच विषय चालू आहे हे मला माहीत नव्हतं, असं म्हणू नकोस. दसऱ्याला तू आला होतास तेव्हाच भीमनगरच्या लोकांनी फाट्यावरच्या कमानीचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला होता. अर्जावर पहिली सही बाबांची आहे. विरोध करणाऱ्यांत सगळ्यात पुढे तुझा भाऊ निवृत्तीदादा आहे. त्याच आठवड्यात तू हा एपिसोड लिहायला घेतलास. आणि आता मंगळवारपासून तेवढाच तुकडा मोबाईलवर फिरतोय, पारावरच्या स्पीकरवर दोनदा वाजलाय. माझ्या बापाला माझ्याच आवाजात सांगतायत की गप्प बस.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव आहे. त्याआधी तो प्रसंग पूर्ण टाक. चॅनेल नाही म्हणालं तर तुझ्या स्वतःच्या पेजवर टाक. फाईल तुझ्याकडे आहे.

मयुरी


२९ जानेवारी

गोपाल,

पत्राला उत्तर म्हणून तू आवाजी मेसेज पाठवलास. मी तो एकदा ऐकला. वेळ कमी पडला, बावीस मिनिटांत सगळं बसत नाही, चॅनेलच्या माणसानं शेवट छाटला, तू फार भांडला नाहीस कारण तुझं त्यांच्याशी आधीच दोन वेळा खटकलंय. आणि मग तुझं नेहमीचं: गंमत गंमत म्हणून घे, आपण दोन्ही बाजूंना हसतो.

दोन्ही बाजूंना हसायचो ते कधी, ते मी सांगते. पहिल्या वर्षी. तेव्हा शाळेच्या खोलीत मोबाईलवर करायचो. सरपंच बाई होती आणि खुर्चीवर तिचा नवरा बसायचा, त्यावर आपण भाग केला, आणि तो नवरा तुझ्या घरी भांडायला आला. कागदावर बांधलेल्या संडासावर केला. शेवंतानं मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्यांना चहाचे कप हातात असतानाच दाराबाहेर काढलं, त्यावर केला. तेव्हा मास्तरच्या निवेदनानं बंद पडलेला हातपंप सुरू व्हायचा. लोक मास्तरवर हसायचे आणि शेवटी पाणी त्याच्यामुळेच यायचं. मग चॅनेल आलं, तू पुण्याला गेलास, आणि हळूहळू हातपंप दुरुस्त व्हायचा थांबला. मास्तर नुसताच निवेदन घेऊन हिंडायला लागला. शेवंता सरकारी योजनांची नावं न चुकता म्हणायला लागली. मी म्हणत होते. दर वेळी वाटायचं, पुढच्या भागात तू काहीतरी करशील.

आता ग्रामसभेचं ऐक. निवृत्तीदादानं तुला त्याच्या सोयीचं सांगितलं असेल.

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणातच सभा बसली. बाबांनी ठराव वाचला. निवृत्तीदादा उठला, आणि त्यानं भाषण केलंच नाही. मोबाईल माईकपुढे धरला. मनात ठेवा ना नाव, गाव काऊन फाडता. पटांगणभर माझा आवाज. मग म्हणाला, "हे बाहेरच्या कोन्या मानसानं नाही सांगितलं. शेवंता कोन हाये ते गावाले माहीत हाये. माही माय हाये ते."

खोटं नव्हतं. शेवंताची चाल, पदर खोचायची तऱ्हा, नाकातली फुली, सगळं तू तुझ्या आईवरून काढलंस. आणि मी आवाज काढला तोही अन्नपूर्णाकाकूंचाच. सातवीत असताना मी त्यांची नक्कल केली तेव्हा तू बाकावरून पडला होतास, त्यातूनच तर हे सगळं निघालं.

मी उभी राहिले. मला वाटलं, आवाजाला आवाजानंच उत्तर द्यावं. शेवंताच्या आवाजात सुरू केलं, "मी चुकली, मास्तर..." आणि पटांगण हसलं. कोणी वाईट हेतूनं हसलं नाही. ज्यांनी ठरावाला पाठिंबा द्यायचं कबूल केलं होतं तेही हसले. आमच्या भीमनगरची पोरंही हसली. ती बाई बोलली की हसायचं, ही सवय आपणच लावलीय त्यांना. मला पुढचं वाक्य पुरं करता आलं नाही.

मग तोच आवाज बायकांच्या बाजूनं आला. लोकांनी आधी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बंद होतं.

अन्नपूर्णाकाकू उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी नाही बोलली असं."

निवृत्तीदादा म्हणाला, आई, तू बस, ते कार्टून आहे. त्या बसल्या नाहीत.

"कमान पाह्यजे का नको, मले त्याच्यातलं काही समजत नाही. पन मी हे बोलली नाही. मले कोनी इचारलं नाही. माह्या नावानं वाजवू नका."

कोणी हसलं नाही. त्यांना असं बोलताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. काही क्षण मला वाटलं, सभा फिरली. मग हात वर करायला सांगितले आणि ठराव पडला. काकूंनी ना इकडून हात केला ना तिकडून. मला त्याचा राग आला, हे लपवत नाही. पण त्यांनी त्यांना माहीत होतं तेवढंच सांगितलं. तू सगळं माहीत असून कापलंस.

मयुरी


२१ फेब्रुवारी

गोपाल,

चॅनेलच्या वकिलाचं पत्र मिळालं. शेवंता ढोमणे ही व्यक्तिरेखा आणि तिचा आवाज कंपनीच्या मालकीचा आहे, एका सार्वजनिक सभेत मी तो परवानगीशिवाय वापरला, पुन्हा वापरू नये, आणि माझं काम इथून पुढे थांबवण्यात येत आहे. खाली तुझी सही नाही. सही करायची वेळ आली की तू नेहमी कुठेतरी बाहेर गेलेला असतोस.

ग्रामसभेत तो आवाज आधी कोणी वाजवला, हे वकिलानं विचारलं नसेल. तुझ्या भावाला पत्र गेलं नाही.

नवीन शेवंता ऐकली. पुण्याची आहे ना? तिला मले-तुले येतं. तेवढंच येतं. प्रत्येक 'काऊन'च्या आधी ती जरा थांबते, की आता हसा. काकू बोलताना कधी अशा थांबत नाहीत. आपल्याकडे कोणीच थांबत नाही, कारण आपण काही गमतीचं बोलतोय हे आपल्याला माहीतच नसतं. तुला हे ऐकू आलं नाही? का आता तुझ्याही कानाला ते तसंच ऐकू येतं?

माझ्या आवाजाचं काय व्हायचं ते होऊ दे. इथं काय झालं ते लिहिते.

ठराव पडला तरी विरोध करणाऱ्यांचं समाधान झालं नाही. भीमनगरच्या बायांना हरभरा सोंगायला, काढायला कोणी बोलावलं नाही. मजूर गाडीतून बाहेरगावाहून आणले. कोणी उघड बंदी केली नाही, विचारलं तर म्हणायचे यंदा घरचीच माणसं आहेत. तुमच्या वांग्याच्या मळ्यात माझी आई तोडायला जाते, तू चड्डीत होतास तेव्हापासून. निवृत्तीदादानं तिला बांधावरूनच परत पाठवलं. म्हणाला, "धम्मशीलाबाई, कमान झाली का मग या."

आई घरी येऊन भाकरी टाकत बसली. दुसऱ्या दिवशी तुझी आई एकटीच वांगी तोडत होती. माझी आई रस्त्यानं दळण घेऊन चालली होती. काकूंनी बांधावर येऊन हाक मारली. आई थांबली नाही. तीस वर्षं एका सरीत खांद्याला खांदा लावून काम केलेल्या बायका, आणि आई थांबली नाही. मला आईनं हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, का थांबली नाहीस. ती म्हणाली, "थांबून काय बोलू? तिच्या तोंडून काय निंगते अन् टीव्हीत काय निंगते, मले आता समजत नाही."

हे तू केलंस. ठराव तुझ्यामुळे पडला असं मी म्हणत नाही, तो कदाचित तसाही पडला असता. पण या दोघींमध्ये तू आलास.

लसीकरणाच्या दिवशी पोरं रडायला लागली की मी शेवंताच्या आवाजात दोन वाक्यं बोलायचे आणि पोरं सुई विसरायची. तेही आता बंद केलंय. तुमच्या वकिलाला सांग.

मयुरी


१६ एप्रिल

गोपाल,

मोताळ्यात तुझा सत्कार झाला त्याला चार दिवस होऊन गेले. मी लगेच लिहिणार होते. लगेच लिहिलं असतं तर ते पत्र बाबांना दाखवता आलं नसतं, आणि हे मी त्यांना दाखवून पाठवणार आहे.

'सामाजिक सलोखा पुरस्कार', 'कमान' या भागासाठी. जयंतीच्या दोन दिवस आधी. ज्यांनी ही तारीख काढली त्यांना मानलं पाहिजे.

बाबांना मी जाऊ नका म्हणत होते. ते म्हणाले, "माहा विद्यार्थी हाये, मी त्याले समोर बसून इचारीन. तो मले खोटं सांगनार नाही." पांढरा शर्ट घालून, बसनं, एकटे गेले. मी ड्यूटी आटोपून मागून पोहोचले. तेव्हा तू माईकवर होतास. पहिल्या रांगेत तुझी आई नवीन लुगड्यात बसली होती, तिला खास गाडी पाठवली होती. शेवंता म्हणून तिचाही सत्कार होता.

तू भाषणात म्हणालास, आम्ही कोणाची बाजू घेत नाही, आम्ही घराघरातलं प्रेम दाखवतो. मग विचारलंस, कोणाला काही प्रश्न? बाबा उठले. त्यांनी आवाज चढवला नाही. मी दारात उभी होते, मला शब्द न शब्द ऐकू आला. ते म्हणाले, "गोपाल, त्या भागाचा शेवट तू लिहिला होता. इथं सगळे बसले हायेत. तो एकदा वाचून दाखव."

आणि तू काय म्हणालास? तू हसलास, माईक तोंडाजवळ घेतलास आणि म्हणालास, "गुरुजी, निवेदन आणलं का?"

सगळा हॉल हसला. स्टेजवरचे हसले, खुर्च्यांवरचे हसले, पाणी वाटणारा हसला. त्यातले कितीतरी बाबांच्या हाताखाली शिकलेले. बाबा उभेच होते. त्यांना वाटलं असावं की हसू थांबल्यावर तू उत्तर देशील. हसू थांबलं आणि तू पुढच्या माणसाला म्हणालास, हां, तुमचा प्रश्न?

तुला पहिलीपासून चित्रं काढायला रंगीत खडू कोण आणून द्यायचं? इन्स्पेक्शनच्या दिवशी तू फळ्यावर साहेबांचं पोट काढलंस तेव्हा तुझ्या वाटचं कोणी ऐकून घेतलं? हे मी उपकार म्हणून मोजत नाही. मला एवढंच जाणून घ्यायचंय, की तो माणूस समोर उभा असताना तुझ्या तोंडात ते वाक्य आलं कसं. आधी ठरवून आला होतास, का आता तुला दुसरं काही सुचतच नाही?

मी बाबांना बाहेर घेऊन आले. बसस्टँडवर त्यांनी आधी बसची वेळ विचारून घेतली. मग म्हणाले, "त्याले टायमिंग चांगलं हाये." मला कळेना हे कौतुक आहे की काय. बसमध्ये त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि घर येईपर्यंत घातली नाही.

एक गोष्ट तू पाहिली नसशील, कारण तू हशाकडे पाहत होतास. हॉल हसत होता तेव्हा तुझी आई मागे वळून बाबांकडे बघत होती. तिचा सत्कार पुकारला तेव्हा ती उठली नाही. निवृत्तीदादानं हात धरून उठवलं. शाल खांद्यावर टाकली तशी तिनं ती काढून खुर्चीवर ठेवली. टीव्हीवाल्यांनी तेवढं दाखवलं नाही. तेही वेळेअभावी कापलं असेल.

चौदा तारखेला भीमनगरात जयंती झाली. दरवर्षी गावातून मिरवणूक निघते, यंदा पोलिसांनी वस्तीतच फिरा म्हणून सांगितलं. पोरं आतल्या आत तीन फेऱ्या फिरली. बाबांनी पंचशील म्हटलं, आवाज नीट होता. एक मे रोजी पुन्हा ग्रामसभा आहे. ठराव पुन्हा येणार.

हे पत्र बाबांनी वाचलं. 'टायमिंग'चं वाक्य खोडू का विचारलं, तर म्हणाले राहू दे.

मयुरी


६ मे

गोपाल,

ठराव झाला. थोडक्यात झाला, पण झाला. मोताळ्याच्या त्या हशानंतर गावातल्या काही जणांना घरी गेल्यावर बरं वाटलं नसावं. तुळशीराम पाटलांचा थोरला मुलगा, जो जानेवारीत निवृत्तीदादाच्या शेजारी बसला होता, तो यावेळी उठून म्हणाला की गुरुजींनी मला बाराखडी शिकवली, त्यांच्या नावाची कमान मागितली असती तरी मी हात केला असता, हे तर बाबासाहेबांचं नाव आहे. बायका जास्त आल्या होत्या. आई आली होती. ती तुझ्या आईपासून लांब बसली.

हात मोजायला लागले तेव्हा अन्नपूर्णाकाकूंनी हात वर केला. बायकांच्या घोळक्यात उशिरानं वर आलेला एक हात, काकणं कोपरापर्यंत घसरलेली. मोजणाऱ्यानं तो आधी धरलाच नाही, त्याला वाटलं पदर सावरतायत. काकूंनीच त्याला सांगितलं, "माहा धर."

निवृत्तीदादा सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, हात खाली घे. नाही तर घरी येऊ नको."

काकूंनी हात खाली घेतला नाही.

ठराव झाला तरी अजून पुष्कळ बाकी आहे. रस्त्याच्या खात्याची परवानगी, तहसील, पोलीस. बाबा निवेदन लिहायला बसलेत. तुला हसायचं असेल तर हस.

आता तुझ्या आईचं. ती घरी गेली नाही, हे तुला निवृत्तीदादानं कळवलंच आहे. ती आमच्याकडे आहे, भीमनगरात, माझ्या आईच्या घरी. आमच्याशी इतकं जवळचं असूनही या आधी तिनं कधी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. बांधावर, मळ्यात, शाळेत, दवाखान्यात भेटायची, पण घरात कधी आली नव्हती. हे तुलाही माहीत आहे आणि यावर आपण एकही एपिसोड केला नाही. तुझा भाऊ दोनदा गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून गेला, आत आला नाही. गावातले काही लोक काकूंशी बोलायचे थांबलेत. काही बायका मुद्दाम आमच्या दारावरून जातात, बघायला.

काल तुझा मेसेज आला. इतक्या महिन्यांनी तू पहिल्यांदा बोटांनी लिहिलंस. 'आई कशी आहे', हे पहिलं वाक्य. वाचून मला बरं वाटलं. म्हटलं, चला, विचारलं तरी. मग पुढचं वाचलं. ती कोणत्या वेळी आली. दारात काय बोलली. माझ्या आईनं आधी काय केलं. पहिल्या दिवशी जेवायला काय होतं. रडल्या का दोघी. बाबा काय म्हणाले. आणि शेवटी: 'जरा सविस्तर लिही, तू छान सांगतेस. सगळ्यांना जोडणारी गोष्ट आहे ही. नव्या सीझनची सुरुवात यावरच करावी असं सगळ्यांचं मत आहे. तू परत यावं असंही मी बोलून ठेवलंय.'

मी तो मेसेज काकूंना वाचून दाखवला, अक्षर न गाळता. त्या अंगणात आईसोबत मेथी निवडत होत्या. त्यांनी निवडणं थांबवलं नाही. पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे हेबी दाखवनार काय तो?"

मी म्हटलं, हो, असं दिसतंय.

"मंग त्याले काही सांगू नको. काय खाल्लं तेबी सांगू नको."

मी म्हटलं, काकू, पहिलं वाक्य तरी तुम्ही कशा आहात हेच आहे. माझ्या आईनं मेथीच्या काड्या सुपात गोळा केल्या. मग काकू म्हणाल्या, "बरी हाये म्हन. एवढं लेह."

म्हणून एवढं लिहिते. त्या दिवशी दारात काय झालं ते मला सगळं आठवतंय. कोण आधी बोललं, कोण किती वेळ उभं राहिलं, आईनं त्यांना कुठं बसवलं, मग दोघी कशावरून हसल्या आणि बाबा कशाला बाहेर निघून गेले. मी सांगायला बसले तर तू म्हणतोस तसं छान सांगीन. दोघींचे आवाज काढून सांगीन. त्यातलं एक वाक्य तुला मिळणार नाही. तू मनानं लिहिशील, ती पुण्याची बाई मध्ये मध्ये थांबून म्हणेल, शेवटी सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतील, आणि लोक टाळ्याही वाजवतील. ते इथं घडलेलं नसेल.

परत कामावर यायचं नाही. वकिलाला कळव.

तुझ्या आईला भेटायचं असेल तर ये. अडवणार कोणी नाही. आत घ्यायचं की नाही ते त्या ठरवतील, आम्ही नाही.

काकू बऱ्या आहेत. बीपीची गोळी सकाळी मी स्वतः देते, गुडघ्याला तेल लावते. बाकीचं आमच्या घरातलं आहे.

मयुरी